दुसऱ्या वर्षीचा करार

माझ्या पाठीवरच्या बॅगेत लॅपटॉप, वेबकॅम, अंगठा घ्यायचं यंत्र आणि व्हॅसलिनची छोटी डबी असते. डबी घरमालकांसाठी. सत्तरी ओलांडलेल्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या असतात, यंत्र अंगठा नाकारत राहतं आणि काकू हवालदिल होऊन विचारतात, "म्हणजे मीच मी नाही का गं?" बोटाला जरासं व्हॅसलिन चोळायचं, पुसायचं, पुन्हा दाबायचं. बहुतेक वेळा आधार जुळतं. पुण्यात घरोघरी जाऊन भाडेकरार ऑनलाइन नोंदवून देणं हा माझा धंदा. मी वकील नाही, एजंटही नाही. पण करार होताना दोन्ही बाजू माझ्यासमोर बसलेल्या असतात, आणि पुढे बिनसलं की मालकाचा पहिला फोन बऱ्याचदा मलाच येतो.

मालकांचे प्रश्न ठरलेले. माणसं कशी वाटतात? भाडं एक तारखेला येईल ना? नॉनव्हेज खातात का? भाड्यातल्या पाचशे रुपयांसाठी चार फोन झालेले असतात, पण स्क्रीनवर मसुदा उघडून "एकदा वाचून घ्या" म्हटलं की उत्तर येतं, "तुम्ही वाचलाय ना? मग झालं." घर भाड्याने देणं म्हणजे चांगला भाडेकरू गाठणं, अशी सर्वसाधारण समजूत आहे. एजंटचं कामही तिथेच संपतं. किल्ली दिली की त्याला साधारण एका महिन्याच्या भाड्याइतकी दलाली मिळते. तो भाडेकरू घराबाहेर कसा पडेल, हे बघण्याचे पैसे त्याला कुणीच देत नाही. आणि माझ्या पाहण्यातले मालक अडकले आहेत ते बहुतेक भाडेकरू बाहेर पडायच्या वेळी.

सगळ्यांत चिवट गैरसमज अकरा महिन्यांचा. 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून देशभर अकरा महिन्यांचा कागद करून त्यावर नोटरीचा शिक्का मारून घ्यायची पद्धत पडली. महाराष्ट्रात ही पळवाट 31 मार्च 2000 पासून बंद आहे. त्या दिवशी लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 सांगतं की करार लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा. मुदत अकरा महिने असो की एक. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. या शिक्षेला कुणी फारसं भीत नाही, मीही भीती घालत नाही. खरी मेख त्याच कलमात पुढे आहे. नोंदवलेला लेखी करार नसेल, तर जागा कोणत्या अटींवर दिली याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं असेल तर तसं सिद्ध करायचं मालकाने. भाडं बावीस हजार ठरलं होतं की पंधरा, मुदत एक वर्षाची की पाच, डिपॉझिट किती दिलं, सगळं त्याच्या तोंडून.

हे ओढवून घेऊन वाचतं काय, तेही पाहा. महिना 22,000 रुपये भाडं, एक लाख परतीचं डिपॉझिट, मुदत 24 महिने. एकूण भाडं 5,28,000. डिपॉझिटवर दरसाल दहा टक्के व्याज गृहीत धरतात, त्याचे 20,000. बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे 1,370 रुपये, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. वर माझ्यासारखीचे सेवेचे पैसे. हा खर्च दोघांत वाटून घेतात. तरीही "नोटरी पाचशेत करून देतो" हे वाक्य मी अजून ऐकते, आणि ते म्हणणारे अनेकदा बँकेतून निवृत्त झालेले असतात. कर्ज देताना यांनी कागदावाचून एक पाऊल पुढे टाकलं नसेल!

जुन्या पिढीची भीती वेगळीच. ते घर बंद ठेवतील पण भाड्याने देणार नाहीत. त्यांना हसू नये. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी 1940 सालच्या पातळीला बांधून ठेवली होती, आणि त्यातून वाट काढायला मालकांनी लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे भाडेपट्टा न करता ठरावीक मुदतीपुरती राहायची नुसती परवानगी देण्याचा, मार्ग धरला, तर 1973 च्या दुरुस्तीने 1 फेब्रुवारी 1973 रोजी असे लायसन्सवर राहत असलेल्यांना भाडेकरूचं संरक्षण देऊन टाकलं. ज्यांच्या वडिलांची खोली तेव्हा गेली, ते विसरलेले नाहीत. पण त्या भीतीला आता "बारा वर्षं राहिला की घर त्याचं" असं रूप आलं आहे, आणि त्यात तथ्य नाही. मालकाच्या परवानगीने राहणारा माणूस निव्वळ वर्षं मोजून मालक होत नाही. हे समजावून सांगितलं तरी एक आजोबा मला दर करारात "बारा वर्षांचं काय ते नक्की बघ" असं बजावतात. त्यांचा भाडेकरू तिसऱ्यांदा बदललाय.

नवा कायदा मालकाला उलट एक चांगलं हत्यार देतो. कलम 24 प्रमाणे राहण्यासाठी लायसन्सवर दिलेली जागा मुदत संपल्यावर सोडली नाही, तर मालक थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो, आणि जितके दिवस तो माणूस बसून राहील तितक्या दिवसांची भरपाई ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने मिळते. तिथे समोरच्याला आपोआप बाजू मांडता येत नाही; समन्स मिळाल्यावर तीस दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन आधी परवानगी मागावी लागते. लेखी करारात जे लिहिलंय तो निर्णायक पुरावा. प्रत्यक्षात तारखा पडतातच, पण दिवाणी दाव्याच्या मानाने हा रस्ता पुष्कळ जवळचा. मात्र त्या रस्त्याने जायला हातात मुदत स्पष्ट लिहिलेला करार लागतो.

आणि नेमका तोच दुसऱ्या वर्षी नसतो. पहिला करार हौसेने होतो. अंगठे, फोटो, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती, सोसायटीला प्रत, सगळं यथासांग. कर्वेनगरच्या एका काकांचा असाच झाला होता, मीच केला होता. भाडेकरू जोडपं सालस, त्यांची मुलगी काकांना आजोबा म्हणायची. मुदत संपताना मी फोन केला तर म्हणाले, "कशाला पुन्हा खर्च? घरच्यासारखी आहेत. हजार रुपये वाढवून द्यायला तयार झालेत, चालू द्या." तिसऱ्या वर्षी त्या गृहस्थांची नोकरी गेली. भाडं आधी अर्धं येऊ लागलं, मग थांबलं. त्याच सुमारास काकांचा मुलगा बंगळुरूहून परत यायचा होता. जागा मागितली तेव्हा उत्तर आलं, "काका, तुम्हीच म्हणाला होतात ना, मुलीची दहावी होईपर्यंत राहा." मुलगी सहावीत होती. काका कदाचित तसं बोललेही असतील. चहा पिताना माणूस काहीही बोलतो. नोंदवलेला करार संपून दीड वर्ष झालं होतं, त्यानंतरचं भाडं काकांनी खात्यात घेतलं होतं, आणि नव्या अटींचा कागद नव्हता. वकिलाला वाद घालायला एवढं पुरतं.

काकांना मग शेजाऱ्याचा सल्ला मिळाला, पाणी बंद करा. हा सल्ला पुण्यात फुकट आणि मुबलक मिळतो. त्याच कायद्याच्या कलम 29 प्रमाणे भाडेकरूचं पाणी, वीज अशा आवश्यक सोयी सबळ कारणाशिवाय तोडता येत नाहीत. तो गावाला गेल्यावर कुलूप बदललं, सामान जिन्यात काढलं, तर पोलीस चौकीत तक्रारदार तो असतो आणि जाब मालकाला द्यावा लागतो. काकांनी सुदैवाने तसं काही केलं नाही. थकलेलं भाडं सोडून दिलं, डिपॉझिट पूर्ण परत केलं, वर टेम्पोचे पैसे दिले, तेव्हा घर मोकळं झालं. पाच वर्षांपर्यंतचा करार एकदम करता येतो, दरवर्षीची वाढ त्यातच लिहिता येते, हे त्यांना ठाऊक असतं तर दरवर्षी खर्चाचा प्रश्नच आला नसता.

करारातला आणखी एक रकाना लोक डोळे झाकून भरतात: वापर. वर सांगितलेला जवळचा रस्ता राहण्याच्या जागेसाठी आहे. क्लासला, ऑफिसला, दुकानाला जागा दिली की तो नाही; तिथे कोर्ट आलं. शिवाय वीज घरगुती दराची असते आणि वापर धंद्याचा, म्हणजे तपासणीत वाढीव आकारणी, आणि ती मीटर ज्याच्या नावावर त्याला. वाघोलीजवळ एकीने नवरा-बायको-मूल अशा कुटुंबाला टू बीएचके दिला. दिवाळीत फराळ घेऊन गेल्या तर दाराबाहेर चपलांचा ढीग, हॉलमध्ये तीन खाटा, बेडरूममध्ये दोन-दोन, आणि गीझर जळालेला. कुटुंब दुसरीकडे राहत होतं, इथे त्यांनी पीजी थाटला होता. करारात राहणाऱ्यांची नावं नव्हती आणि पोटभाडेकरू ठेवू नये ही ओळही नव्हती. मसुदा कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेला, त्यातलं गाव बदलायचंही राहून गेलं होतं.

मुंबईत 'हेवी डिपॉझिट' नावाचा प्रकार जोरात चालतो, आता पुण्यातही मला विचारणा होते. महिन्याचं भाडं नाही किंवा नावापुरतं, त्याऐवजी आठ-दहा लाख एकरकमी. मालकाला वाटतं लॉटरी लागली. ते पैसे मुलीच्या लग्नात किंवा गावच्या घराच्या स्लॅबमध्ये जातात. मुदत संपते, भाडेकरू सज्जनपणे म्हणतो, माझे पैसे द्या, मी निघतो. पैसे असतात कुठे? मग पुढचा हेवी डिपॉझिटवाला शोधायचा, आणि तो मिळेपर्यंत आधीचा फुकट राहणार. हे भाडं नव्हे, घर तारण ठेवून घेतलेलं कर्ज आहे. मी तसं तोंडावर सांगते, त्यामुळे काही कामं माझ्या हातून जातात.

फसवणुकीचं एकच सांगते, कारण ती अजून चालू आहे. ऑनलाइन जाहिरात टाकली की फोन येतो: मी लष्करात आहे, पुण्याला बदली झालीय, घर न बघताच पसंत आहे, डिपॉझिट आत्ता पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा. सोबत वर्दीतला फोटो आणि ओळखपत्र. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. टाकला की पैसे जातात.

परदेशातल्या मालकांचं प्रकरण स्वतंत्र आहे. बाणेर-बालेवाडीत असे फ्लॅट पुष्कळ. मुलगा अमेरिकेत, इथे आईकडे किल्ली. मालक अनिवासी असेल तर भाडं कितीही असो, त्यातून सुमारे तीस टक्के आणि वर सेस टीडीएस कापून भरायची जबाबदारी भाडेकरूची असते. हे दोघांनाही माहीत नसतं, आणि नोटीस आली की दोघंही आईकडे बघतात. मालक इथलाच असेल तर महिन्याला पन्नास हजारांवरच्या भाड्यावर ही कपात आहे, 2024 च्या ऑक्टोबरपासून दोन टक्के. मुलाने आईला तिकडून मुखत्यारपत्र पाठवलं असेल, तर ते राज्यात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. मी जाते तेव्हा ते बहुधा देवघरामागच्या कपाटात, आलेल्या पाकिटातच असतं. भाडेकरू परदेशी नागरिक असेल तर चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवायची, हे तर सोसायटीच्या सेक्रेटरीलाही सांगावं लागतं. सेक्रेटरी मात्र भाड्याने दिलेल्या घरावरचं ना-वहिवाट शुल्क वसूल करायला तत्पर. त्याला 1 ऑगस्ट 2001 च्या शासन निर्णयाने सेवाशुल्काच्या दहा टक्के अशी मर्यादा घातली आहे, त्यापेक्षा जास्त मागत असतील तर देऊ नका. पुण्यात मिळकतकरात स्वतः राहणाऱ्याला चाळीस टक्के सवलत आहे. ती घेत राहून घर भाड्याने देणारेही मला भेटतात, आणि नोंदवलेला करार नको म्हणण्यामागे कधी कधी हेच कारण निघतं.

घर सोडायच्या दिवशी मला कुणी बोलावत नाही, पण विचारलं तर मी सांगते. राहायला येण्याच्या दिवशीच प्रत्येक खोलीचे फोटो, पंखे, गीझर, एसीचे रिमोट आणि किल्ल्यांची यादी करून दोघांनी सही करावी. निघताना तीच यादी घेऊन घरभर फिरावं, मीटरचं रीडिंग घ्यावं, भाडेकरूकडून जागेचा ताबा परत दिल्याची सही घ्यावी आणि मग डिपॉझिट द्यावं, आधी नाही. खिळ्यांची भोकं आणि गॅसच्या मागचे फोडणीचे डाग यावरून भांडू नये; रंगाचे पैसे किती कापायचे ते करारातच लिहून घ्यावं. आणि भाडेकरू आणखी वर्षभर राहणार असेल, तर मुदत संपायच्या महिनाभर आधी मला फोन करावा. व्हॅसलिन मी घेऊन येते.