माळावरचा ‘बिबट्या’ आणि आपले डोळे

इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या बॉडमिन माळरानावर बिबट्यासारखे काळे जनावर दिसल्याचे अनेकांनी सांगितले. मेंढ्या मरून पडलेल्या सापडत होत्या. अखेर १९९५ मध्ये सरकारने चौकशी केली. छायाचित्रांतल्या जागी मोजपट्टी उभी करून पाहिल्यावर काही जनावरे साध्या मांजराएवढीच निघाली. ठोस पुरावा मिळाला नाही. त्याच वर्षी फॉवी नदीत बिबट्याची कवटी सापडली. पण तिच्यात उष्ण प्रदेशातील झुरळाच्या अंड्यांची पिशवी होती. कवटी परदेशातून, कातड्याच्या गालिच्याबरोबर आलेली होती.

मग पाहणारे खोटे बोलत होते का? तसे मुळीच नाही. अंधुक प्रकाशात डोळ्यांतील शंकूपेशी नीट काम करत नाहीत. भार दंडपेशींवर येतो. त्यांना रंग ओळखता येत नाहीत, बारकावेही टिपता येत नाहीत. शिवाय वस्तू केवढी आहे हे मेंदू तिच्या अंतराच्या अंदाजावरून ठरवतो. उघड्या माळावर तुलनेला झाड किंवा कुंपण नसेल, तर जवळचे मांजर लांबचे वाटते आणि म्हणून मोठे भासते. उरलेले चित्र भीती आणि ऐकीव गोष्टी पूर्ण करतात.

ब्रिटन ही बिबट्याची भूमी नाही. आपल्याकडे जुन्नरच्या उसात मात्र तो खरोखरच राहतो. तिथे ‘भास झाला असेल’ म्हणून सोडून देऊ नये. मुलांना घरात घ्यावे, अंतर राखावे आणि वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे.