एकदाच पैसे भरून कायमची देखभाल होते का? शिरपूर जैन ते अमेरिका

मंदिरात 'कायम तिथी' लावतात. एकदा रक्कम भरायची, तिच्या व्याजातून दरवर्षी ठरलेल्या दिवशी पूजा. समजा, १९७० साली कुणी १०१ रुपये ठेवले. सहा टक्क्यांनी वर्षाचे सहा रुपये. आज त्यात नारळही येत नाही! तरी पूजा चालू राहते ती जिथे सगळ्यांचा पैसा एकत्र असतो तिथे. नव्या देणग्यांतून जुन्यांचं भागतं.

अमेरिकेत हाच प्रश्न मृतदेहांबाबत आहे. पुढे विज्ञान आपल्याला जिवंत करेल या आशेवर काही जण मृत्यूनंतर देह उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवायला सांगतात. याला क्रायोनिक्स म्हणतात. आजवर एकही माणूस असा उठलेला नाही, पण नायट्रोजनचा खर्च थांबत नाही.

सुरुवातीला हा खर्च नातेवाईक भरायचे. कॅलिफोर्नियातल्या चॅट्सवर्थमध्ये पैसे येणं थांबलं आणि देह वितळले. १९७९ मध्ये हे उघड झालं. त्यानंतर रक्कम आधीच, एकदम घेण्यावर भर आला. ती बहुधा आयुर्विम्यातून येते. 'अल्कोर' संस्थेने १९९७ मध्ये देखभालीसाठी वेगळा ट्रस्ट केला. त्यात सगळ्यांचा पैसा एकत्र असतो.

स्वतंत्र खातं जास्त सुरक्षित वाटतं, कारण दुसऱ्याचा तोटा आपल्यावर येत नाही. पण एका मोठ्या टाकीत चार देह असतात. एकाचं खातं रिकामं झालं म्हणून त्याच्यापुरता नायट्रोजन कसा बंद करणार? एकत्र निधीतला धोका वेगळा: सुरुवातीची फी कमी ठरली किंवा गुंतवणूक बुडाली, तर फटका सगळ्यांनाच.

आणि पैसा असूनही देखभाल अडते. वाशिम जिल्ह्यातल्या शिरपूर जैनची अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती टिकवण्यासाठी तिला अधूनमधून लेप द्यावा लागतो. श्वेतांबर आणि दिगंबर पंथांनी १९०५ मध्ये पूजेच्या वेळा वाटून घेतल्या. पुढे वाद कोर्टात गेला, १९२९ मध्ये थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत. १९८१ पासून मंदिराला कुलूप होतं. भांडण लेपाच्या खर्चाचं नव्हतंच, तो कुणी करायचा याचं होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दार उघडायला आणि श्वेतांबरांनी लेप करायला परवानगी दिली. तोवर ४२ वर्षं भाविक दाराच्या झरोक्यातूनच दर्शन घेत होते.