तंबोरा पुन्हा बोलू लागतो

गायक मैफलीत गावयास बसतो, तेव्हा त्याच्या मागे बहुधा दोन तंबोरे उभे असतात. तंबोऱ्यावर कोणी राग वाजवीत नाही की ताना घेत नाही. त्याच्या चार तारा एकामागून एक छेडावयाच्या, एवढेच त्याचे काम. परंतु घर जसे जोत्यावर उभे राहते, तसे गाणे तंबोऱ्याच्या स्वरावर उभे राहते. जोते खचले तर भिंतीला तडा जातो. तंबोरा बिघडला तर गायकाचा स्वर डळमळतो. म्हणूनच जुना तंबोरा दुरुस्त करणे हे मोठ्या जबाबदारीचे काम आहे.

हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यात डोंगरकडा नावाचे गाव आहे. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध असलेली नरसी याच जिल्ह्यातली. तेव्हा भजनकीर्तनाची परंपरा या भूमीत फार जुनी. अशा गावातील एखाद्या घरी आजोबांच्या वेळचा तंबोरा गवसणीत घालून माळ्यावर ठेवलेला आहे, अशी कल्पना करा. मराठवाड्याचा उन्हाळा कडक आणि कोरडा. त्या दिवसांत लाकूड आकसते. पावसाळ्यात हवा दमट होते, तसे तेच लाकूड फुगते. असे वर्षानुवर्षे चालले की सांधे सुटतात, भोपळ्याला चीर पडते, खुंट्या सैल होतात. पुढे घरातील नात गाणे शिकू लागते आणि तंबोरा खाली उतरवला जातो. तारा लावून पाहिल्या, तर त्यांतून नादाऐवजी नुसती खरखर निघते.

आता काय करावे? कोणी म्हणेल, चार खिळे ठोकून सांधा आवळावा. कोणी म्हणेल, बाजारातील पक्का डिंक भरून चीर बुजवावी. हे दोन्ही उपाय घातक आहेत. खिळ्याने जुने लाकूड फाटते. आणि कायमचा चिकटलेला सांधा पुढे कधी उघडावा लागला, तर तो तोडल्याशिवाय उघडत नाही. अशा वेळी जाणत्या हाताचाच शोध घ्यावा लागतो. तो हात चारशे किलोमीटरांहून अधिक दूर, सांगली जिल्ह्यातील मिरज या गावी सापडतो.

मिरजेत तंतुवाद्यांचा व्यवसाय कसा सुरू झाला, ती हकीकत मनोरंजक आहे. शिकलगार म्हणजे तलवारी आणि भाले घडविणारे, त्यांना धार लावणारे कारागीर. पेशवाई १८१८ मध्ये संपली, लढाया थांबल्या आणि या कारागिरांच्या हातांना काम उरले नाही. मिरजेचे संस्थानिक पटवर्धन हे संगीताचे चाहते होते. त्यांच्या आश्रयास गवई आणि वादक येत. त्यांची वाद्ये वाटेत बिघडत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार यांनी अशी वाद्ये दुरुस्त करावयास घेतली आणि दुरुस्ती करता करता ते नवी वाद्येही घडवू लागले, असे सांगतात. तलवारीला पाणी देणारे हात तारेला नाद देऊ लागले! किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँ यांनीही मिरजेस वास्तव्य केले. ते स्वतः वाद्यांच्या दुरुस्तीत निष्णात होते. त्यांचे निधन १९३७ मध्ये झाले. त्यांची कबर मिरजेतच आहे. येथील सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. याचा अर्थ असा, की मिरजेचा तंबोरा हे नाव दुसरीकडे घडविलेल्या तंबोऱ्याला लावता येत नाही.

तंबोरा दुरुस्तीस आला की जाणता कारागीर लगेच हत्यार उचलीत नाही. प्रथम तो तारा सैल करतो. मग भोपळ्यावर, तबलीवर आणि दांडीवर बोटाच्या पेराने हलकेच टिचक्या मारतो आणि ऐकतो. सांधा घट्ट असेल तर आवाज स्वच्छ येतो. सुटलेला असेल तर बद्द येतो किंवा झणझणतो. नंतर तो दांडीच्या टोकाशी डोळा नेऊन ती सरळ आहे की तारांच्या ताणाने वाकली आहे, हे पाहतो. वैद्य जशी आधी नाडी पाहतो, तसाच हा प्रकार आहे.

तंबोऱ्याची रचना ध्यानात घेतली, म्हणजे पुढचे काम समजते. खाली भोपळा असतो. हा भाजीचा भोपळा नव्हे. त्याची साल जाड आणि कडू असते. पंढरपूरच्या परिसरात भीमेच्या काठी हे भोपळे पिकतात. ते पुष्कळ दिवस वाळवून मगच वापरतात. भोपळ्याच्या तोंडावर लाकडाची पातळ, किंचित फुगीर तबली बसविलेली असते. वर पोकळ दांडी असते. ती बहुधा तूण नावाच्या झाडाच्या लाकडाची करतात. तबलीवर मधोमध घोडी असते आणि तिच्यावरून चार तारा वर खुंट्यांकडे जातात.

भोपळ्याला चीर पडली असेल, तर ती आतून सांधावी लागते. त्यासाठी तबली सोडवावी लागते. येथे जुन्या कारागिरांचे शहाणपण दिसून येते. ते वाद्ये जोडण्यास सरस वापरीत. हा सरस जनावरांच्या कातड्यापासून व हाडांपासून करतात. तो वाळला की घट्ट धरतो. परंतु ऊब आणि ओल मिळताच मऊ होतो. त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वीचा सांधाही लाकूड न दुखावता उघडता येतो. आपल्यामागून दुसऱ्या कोणाला हे वाद्य उघडावे लागेल, याचा विचार त्या जुन्या कारागिराने आधीच करून ठेवलेला असतो! चिरेच्या आतील बाजूस कापडाची किंवा लाकडाची पट्टी बसवून ती वाळू देतात. मग दांडीचा सुटलेला सांधा साफ करून पुन्हा जोडतात. या कामात घाई चालत नाही. सांधा ओला असतानाच तारा चढविल्या, तर त्यांच्या ताणाने तो पुन्हा सुटतो.

पुष्कळदा मालकाची इच्छा असते, की तंबोरा अगदी नव्यासारखा चकचकीत दिसावा. चांगला कारागीर या मोहाला बळी पडत नाही. सगळा जुना थर खरवडून जाड रोगण चढविले, तर तबलीची थरथर दबते. म्हणून जेथे सांधा केला तेवढ्याच जागी तो स्पिरिटमध्ये विरघळविलेली लाख कापसाच्या बोळ्याने हलक्या हाताने फिरवितो. जुन्या वाद्यांवर कधी हस्तिदंताचे नक्षीकाम असते. हस्तिदंताच्या व्यापाराला आता कायद्याने बंदी आहे. तेव्हा त्यातला तुकडा गळला असल्यास तेथे दुसरा पदार्थ बसवितात.

आता सर्वांत कठीण काम उरते, ते जवारी काढण्याचे. सारंगीची किंवा व्हायोलिनची घोडी वर अरुंद असते. तंबोऱ्याची घोडी मात्र रुंद असून तिची पाठ अगदी थोडी गोलसर असते. छेडलेली तार त्या पाठीला नुसती घासून जाते. आणि ती कंप पावत असता तिचा टेकण्याचा बिंदू पुढेमागे सरकत राहतो. त्यामुळे मूळ स्वरासोबत अनेक उपस्वर उमटतात आणि तो भरलेला, झंकारणारा नाद निर्माण होतो. बरीच वर्षे वाजविल्यावर तारांमुळे घोडीवर खाचा पडतात आणि झंकार मरतो. मग कारागीर बारीक कानस आणि काचकागद घेऊन घोडीची पाठ पुन्हा घडवितो. एक हात मारावा, तार चढवावी, छेडावी, ऐकावे. तार उतरवावी, पुन्हा एक हात मारावा. चारही तारांसाठी हे निरनिराळे करावे लागते. घासून गेलेला कण परत येत नाही, म्हणून प्रत्येक हात जपून टाकावा लागतो. शेवटी तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवितात. धागा योग्य जागी आला, की आवाज एकाएकी खुलतो.

हा झंकार विज्ञानालाही कोड्यात टाकणारा ठरला. तार ज्या बिंदूवर छेडावी, तेथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असेल, तो उपस्वर ऐकू येऊ नये, असा नियम मानला जात असे. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर निबंध लिहून दाखवून दिले, की तंबोऱ्यात तो उपस्वरही ऐकू येतो. आणि याचे कारण त्या रुंद, गोलसर घोडीत आहे. ज्यांनी ती घोडी प्रथम घडविली, त्यांच्यापाशी प्रयोगशाळा नव्हती. त्यांच्यापाशी तयार कान होता.

पाश्चात्त्य देशांतही असेच आहे. डबल बेस हे व्हायोलिनच्या कुळातील माणसाहूनही उंच असे वाद्य. त्याच्या पोटात लाकडाची एक लहानशी काडी उभी असते. ती चिकटविलेली नसते, केवळ दाबाने उभी राहते. ती केसभर सरकली तरी वाद्याचा आवाज बदलतो. तिला इटलीत आणि फ्रान्समध्ये जे नाव आहे, त्याचा अर्थ आत्मा असा होतो. जुना डबल बेस दुरुस्त करणारा कारागीर सर्व चिरा सांधून झाल्यावर अखेरीस ती काडी आणि घोडी कानाच्या साहाय्यानेच जागेवर बसवितो. मिरजेचा कारागीर आणि तो परस्परांची भाषा जाणत नसतील. पण एकमेकांचे काम पाहताक्षणी ओळखतील.

जवारी निघाली, घोडीखालचे मणी सरकवून तारा बारकाईने जुळविल्या, की तंबोरा पुन्हा बोलू लागतो. तो आवाज कारागिराचा नसतो. आजोबांच्या हाती असताना जो होता, तोच तो असतो. कारागीर फक्त त्याच्या वाटेतील अडथळे दूर करतो. काय बदलावे हे त्याला कळते, आणि काय तसेच राहू द्यावे हेही कळते. अशी विद्या पुस्तकातून येत नाही. गुरूच्या शेजारी बसून, वर्षानुवर्षे ऐकून ती कानांत उतरते. आणि शिकणारा कोणी पुढे आला नाही, तर त्या कानांबरोबरच ती संपते. डोंगरकड्याच्या त्या नातीने तंबोरा मांडीवर घेऊन पहिला षड्ज लावावा, तेव्हा आपल्या स्वराला कोणाकोणाचे हात लागले आहेत, याची आठवण तिला व्हावी.