चार नंबरची शाळा

लेक पाचवीत गेली आणि आमच्या घरात एकच विषय सुरू झाला, मिडल स्कूल. न्यू जर्सीतल्या आमच्या गावात पाचवीपर्यंत एलिमेंटरी, सहावी ते आठवी मिडल स्कूल आणि नववीपासून हायस्कूल. सरकारी शाळा इथे निवडायची नसते, ती पत्त्यावरून ठरते. ज्या रस्त्यावर तुमचं घर, त्या रस्त्याला ठरवून दिलेली तुमची शाळा. फी नाही, डोनेशन नाही, फॉर्मसाठी पहाटेपासून रांग नाही. ऐकायला किती छान वाटतं! पण त्याचा दुसरा अर्थ असा, की शाळा बदलायची तर घर बदलावं लागतं.

एका रविवारी नवऱ्याने घरं शोधायच्या ॲपवर आमचा पत्ता टाकला. शाळेच्या नावापुढे एका छोट्या गोलात आकडा आला. दहापैकी चार. शेजारच्या गावातल्या मिडल स्कूलला नऊ. त्या गावात आमच्याएवढंच दोन बेडरूमचं अपार्टमेंट महिन्याला साडेसातशे डॉलरने महाग होतं. आमची लीज जूनमध्ये संपत होती. "मार्चपर्यंत ठरवायला हवं," नवरा म्हणाला.

माझी आई तेव्हा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमधून तिने एकतीस वर्षं शिकवलं आहे. आमचं बोलणं ऐकून तिने विचारलं, "ही चार नंबरची शाळा म्हणजे आपल्याकडे नगरपालिकेची शाळा नंबर चार असते, तशी का गं?"

आम्ही हसलो. "नाही गं आई, हे शाळेला मिळालेले मार्क आहेत."

"शाळेला मार्क? मग तपासायला कोण आलं होतं?"

कोणीच आलं नव्हतं. आणि हे आम्हा दोघांच्या तोवर डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

आमच्या काळजीला आणखी एक कारण होतं. लेक बोलताना अडखळते. अगदी लहान असल्यापासून. एलिमेंटरीत एकच वर्ग, एकच शिक्षिका, आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपिस्ट. तिच्यासाठी शाळेने लेखी आराखडा केलेला, त्याला इथे आयईपी म्हणतात. मिडल स्कूलमध्ये मात्र दर तासाला घंटा होते आणि मुलंच एका वर्गातून दुसऱ्या वर्गात पळतात. प्रत्येक विषयाचे शिक्षक वेगळे, लॉकर, दर महिन्याला कुठलं तरी प्रेझेंटेशन. त्यात अकरा ते तेरा हे वय. या वयात मुलं एकमेकांना जितकं हसतात, तितकं पुढे कधीच हसत नसतील. तिचं काय होणार, या भीतीला आम्ही "शाळा चांगली हवी" असं नाव दिलं होतं.

मग आकडा येतो कुठून, ते शोधायला बसले. तिसरी ते आठवीपर्यंत दरवर्षी वाचन आणि गणिताची राज्याची परीक्षा घ्यायची आणि प्रत्येक शाळेचा निकाल लोकांसमोर ठेवायचा, हे २००२ च्या कायद्याने संपूर्ण अमेरिकेत बंधनकारक केलं. २०१५ मध्ये कायदा बदलला, पण ही अट राहिली. ॲपवरच्या आकड्यात मोठा वाटा असतो तो या परीक्षांचा. म्हणजे सहावीला आलेलं मूल घरून काय घेऊन आलं आणि शाळेने त्यात काय घातलं, हे दोन्ही एकाच भांड्यात ढवळलेलं असतं. ज्या गावात आईवडील दोघंही शिकलेले, शनिवारी गणिताचा क्लास, घरी पुस्तकांचं कपाट, तिथल्या शाळेने काहीही केलं नाही तरी आकडा बऱ्यापैकी वरच राहणार.

स्टॅनफर्ड विद्यापीठातले प्राध्यापक शॉन रिअर्डन यांनी देशभरातल्या परीक्षांचे कोट्यवधी निकाल तपासून नेमकं हेच दाखवलं. मुलांचे सरासरी मार्क आणि घरची सांपत्तिक स्थिती यांचं नातं फार घट्ट आहे. पण मुलं दरवर्षी किती पुढे सरकतात, याचा त्या स्थितीशी संबंध फारच थोडा. त्यांच्या २०१७ च्या अभ्यासात शिकागोच्या सरकारी शाळांमधली मुलं तिसरी ते आठवी या पाच वर्षांत साधारण सहा वर्षांएवढं शिकत असल्याचं दिसलं. शिकागोच्या सरासरी मार्कांकडे बघून हे कोणाला वाटलंही नसतं.

मी हे आईला सांगितलं, तर तिला त्यात काही नवल वाटलं नाही. "आमच्याकडेही तेच होतं. तालुक्याच्या शाळेचा स्कॉलरशिपचा निकाल लागला की पेढे. तिथं डॉक्टरांची, मामलेदारांची पोरं. माझ्या वर्गात ऊसतोडीवाल्यांची पोरं दिवाळीनंतर यायची. अक्षर ओळखत नसलेलं पोर वर्षअखेरीला धडा वाचायला लागलं, याचे पेढे कोणी वाटले नाहीत बघ."

न्यू जर्सीचं शिक्षण खातं दरवर्षी प्रत्येक सरकारी शाळेचा सविस्तर अहवाल काढतं. तो फुकट आहे आणि कोणालाही बघता येतो. त्यात एक रकाना आहे वाढीचा. मागच्या वर्षांत सारखेच मार्क असलेल्या राज्यभरातल्या मुलांशी तुमच्या शाळेच्या मुलांची तुलना करून तो काढतात. ५० म्हणजे बरोबर मधोमध. 'चार'वाल्या शाळेचा गणिताचा आकडा होता ५६, 'नऊ'वाल्या शाळेचा ४८. मी दोनदा तपासलं. दुसरा रकाना गैरहजेरीचा. वर्षाच्या शाळेच्या दिवसांपैकी १० टक्के किंवा जास्त दिवस जी मुलं येत नाहीत, त्यांचं प्रमाण. शाळेचे दिवस साधारण १८०, म्हणजे अठरा दिवस बुडाले की मूल त्या यादीत. मुलांना शाळेत यावंसं वाटतं का, हे त्यातून थोडंफार कळतं. यात 'चार'वाली शाळा खरोखरच मागे होती. तेही लिहून ठेवलं.

अहवाल झाले, पण आईचं पालुपद एकच, "जाऊन बघा."

'नऊ'वाल्या शाळेत पाचवीच्या पालकांसाठी संध्याकाळची सभा होती. तिथल्या एका मराठी मैत्रिणीबरोबर मी गेले. शाळा खरंच सुंदर. प्रयोगशाळा बघून मला माझ्या कॉलेजची लाज वाटली. ऑर्केस्ट्रा, रोबोटिक्स, सातवीपासूनच अल्जिब्रा. पालकांचे निम्मे प्रश्न त्या अल्जिब्रावरच होते, आणि विचारणारे बहुतेक आपलेच लोक. सभा संपल्यावर मी समुपदेशक बाईंना लेकीबद्दल विचारलं. त्या सौजन्याने म्हणाल्या, तिचा आराखडा तिच्याबरोबर येईल. ते तर कायद्यानेच यावं लागतं. एका समुपदेशकाकडे किती मुलं, असं विचारलं तर चारशेच्या आसपास. इथल्या शालेय समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस अडीचशेची आहे.

'चार'वाल्या शाळेला ईमेल केली. आठवड्याने उत्तर आलं आणि एका सकाळी मी आणि आई गेलो. दारावर बेल, कॅमेरा, लायसन्स दाखवून जॅकेटवर चिकटवायचा पाहुण्यांचा स्टिकर. इथे शाळेत असं सहज आत जाता येत नाही. उपमुख्याध्यापकांनी फिरवलं. छताला पाण्याचे डाग होते. लायब्ररी अर्धा दिवसच उघडी. ऑर्केस्ट्रा नाही, बँड आहे. अल्जिब्रा फक्त आठवीत आणि तोही एकाच तुकडीला. पण तास बदलताना प्रत्येक शिक्षक आपल्या दारात उभे होते आणि येणाऱ्या मुलाला नावाने हाक मारत होते.

आईने माझ्यामार्फत एकच मागणी केली, "एखादी वही दाखवा." उपमुख्याध्यापक जरा गोंधळले. मग एका शिक्षिकेने मुलीला विचारून तिची फाइल पुढे केली. आईला इंग्रजी जेमतेम येतं, तरी तिने समासात बोट फिरवलं. शिक्षिकेने लिहिलेला प्रश्न, खाली मुलीचं उत्तर, त्याखाली पुन्हा शिक्षिकेचा शेरा. "तपासलेली आहे," आई म्हणाली. "नुसती टिक नाही."

मग स्पीच थेरपिस्ट भेटल्या. त्यांनी मला विचारलं, "वर्गासमोर बोलायची वेळ आली की तिला काय हवं असतं, हे तुम्ही तिला कधी विचारलंय?"

आम्ही विचारलं नव्हतं. पाच वर्षांत एकदाही नाही. आम्ही डॉक्टरांना विचारलं, नेटवर वाचलं, तिची वाक्यं पूर्ण केली. तिला विचारलं नाही. त्या रात्री विचारलं. ती म्हणाली, "मला आधी सांगू दे ना, की मी अडखळते. मग कोणी मला थांबवू नका. आणि आई, तू पण माझा वर्ड बोलू नकोस."

एवढं झाल्यावरही निर्णय सोपा नव्हता. नवऱ्याचं म्हणणं खोटं नव्हतं. "आठवीला अल्जिब्रा झाला नाही तर हायस्कूलला गणितात मागे पडेल. आपण एवढ्या लांब कशासाठी आलो?" मराठी ग्रुपवर मी विचारलं, तर पहिला मेसेज आला, "शाळा ठीक असेल, पण तिथला क्राउड कसा आहे?" या 'क्राउड' शब्दाचा अर्थ आपल्याला सगळ्यांना कळतो. त्या शाळेत जवळपास निम्म्या मुलांना सरकारी सवलतीत जेवण मिळतं, बऱ्याच जणांच्या घरी स्पॅनिश बोलतात. त्यांचे आईवडील दोन दोन शिफ्ट करतात. मला माझ्या आईच्या वर्गातली ऊसतोडीवाल्यांची पोरं आठवली. आणि खरं सांगते, तो मेसेज वाचण्याआधी हाच प्रश्न माझ्याही मनात येऊन गेला होता.

आम्ही लीज वाढवली. आहे तिथेच राहिलो.

सगळं छान झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. सहावीत नोव्हेंबरमध्ये विज्ञानाचे शिक्षक सोडून गेले आणि फेब्रुवारीपर्यंत रोज कोणी ना कोणी बदली शिक्षक. मुलं नुसती वर्कशीट भरत होती. मी आयुष्यात पहिल्यांदा स्कूल बोर्डाच्या सभेत उभी राहिले. या सभा लोकांसाठी खुल्या असतात आणि बोलायला तीन मिनिटं मिळतात. माझे हात थरथरत होते आणि मीही अडखळले. लेक मागे बसून हसत होती. बसमध्ये एक मुलगा महिनाभर तिची नक्कल करत होता. ते आम्हाला लेकीकडून कळायच्या आधी शाळेतून समुपदेशकांचा फोन आला. ज्या दिवशी त्यांना कळलं, त्याच दुपारी.

ओळखीचं कोणी आता शाळेबद्दल विचारलं तर मी सांगते, आकडा बघा, पण तिथे थांबू नका. राज्याच्या अहवालात वाढीचा आणि गैरहजेरीचा रकाना उघडा. एका समुपदेशकाकडे किती मुलं, गेल्या तीन वर्षांत किती शिक्षक सोडून गेले, मागे पडलेल्या मुलासाठी नेमकं काय करता, हे विचारा. बोर्डाच्या सभांची इतिवृत्तं वाचा, कंटाळवाणी असतात पण खरी असतात. आणि आईचा सल्ला, शाळा सुटायच्या वेळी फाटकापाशी पंधरा मिनिटं उभे राहा. "सुटताना पोरं नाटक करत नाहीत," असं ती म्हणते. सगळ्यात आधी मात्र तुमच्या मुलाला काय हवंय ते त्यालाच विचारा. तुमचं मूल वेगळं असेल, त्याला ती 'नऊ'वालीच शाळा मानवेल. मग जरूर जा.

लेक आता सातवीत आहे. आठवीला अल्जिब्राच्या तुकडीत नंबर लागतो का, ते मे महिन्यात कळेल. नवरा अजून अधूनमधून ते ॲप उघडतो आणि मला दिसू नये म्हणून फोन उलटा ठेवतो. आईचा मात्र दर रविवारी व्हिडिओ कॉल येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "वह्या तपासतायत ना गं?"