व्हिफ, सेंट आणि पुसटसा वास

पुसट वासाच्या इंग्रजी शब्दांत माझा सगळ्यात लाडका ‘व्हिफ’. झुळकेसरशी आला आणि गेला असा वास: कॉफीचा, धुराचा, गटाराचासुद्धा. लाक्षणिक अर्थाने मात्र तो बहुधा वाईटालाच चिकटतो. ‘व्हिफ ऑफ स्कँडल’ म्हणजे पुरावा हाती नाही, पण पाणी मुरतंय एवढं नक्की. याहून भयंकर वापर इतिहासात आहे: १७९५ मध्ये नेपोलियनने पॅरिसच्या रस्त्यांत बंडखोरांवर तोफा डागल्या. इतिहासकार थॉमस कार्लाइलने १८३७ च्या ‘द फ्रेंच रेव्होल्यूशन’मध्ये त्या माऱ्याला ‘व्हिफ ऑफ ग्रेपशॉट’, म्हणजे तोफेच्या छऱ्यांची फुंकर, म्हटलं. माणसं मारणारा भडिमार, आणि शब्द फुंकरीचा! अंगावर काटा येतो.

‘सेंट’ शिकारीतून आला. कुत्रा ज्या वासावर जनावराचा माग काढतो, तो सेंट. म्हणून शोधपत्रकार ‘ऑन द सेंट’ असतो, आणि लबाड माणूस त्याला ‘ऑफ द सेंट’ करतो, म्हणजे चकवतो. (मूळ लॅटिन ‘सेंतिरे’, जाणवणे. स्पेलिंगमधला ‘सी’ सतराव्या शतकात विनाकारण घुसला.)

‘रेडोलंट’ हाही वासाचाच शब्द, पण या दोघांहून पुस्तकी. एखादं घर जुन्या काळाची आठवण करून देतं, तेव्हा तो वापरतात.

आपल्याकडे ‘गंधवार्ता’ आहेच, पण ती बहुतेक वेळा ‘नसते’!