एक गणित, अनेक संगणक

एकाच यंत्राने करावयाचे झाल्यास वर्षानुवर्षे लागतील अशी काही गणिते असतात. ती अनेक संगणकांत वाटून द्यावी, ही कल्पना सुचावयास सोपी. परंतु वाटणी कशी करावयाची, यातच सारी मेख आहे.

१९९९ च्या मे महिन्यात अमेरिकेतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून 'सेटी अ‍ॅट होम' हा उपक्रम सुरू झाला. पोर्तो रिकोतील अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीने टिपलेल्या लहरींत परग्रहावरील कोणा बुद्धिमान प्राण्याचा संकेत आहे काय, हे शोधावयाचे होते. त्या नोंदींचे सुमारे १०७ सेकंदांचे तुकडे पाडून ते इंटरनेटवरून घरोघरच्या संगणकांकडे धाडीत. घरधनी चहास उठला की त्याचा संगणक आपल्या वाट्याचा तुकडा तपासू लागे आणि उत्तर बर्कलीस परत करी. पन्नास लाखांहून अधिक लोकांनी यात नाव नोंदविले!

हे साधले, कारण एका तुकड्याचे उत्तर काढताना शेजारच्या तुकड्याचे उत्तर लागत नाही. दहा शिक्षकांनी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे वाटून घेतले, तर कोणी कोणासाठी खोळंबत नाही, तसेच हे. हवामानाचे भाकीत मात्र निराळे. मुंबईवरील हवेचे गणित पुढे सरकावयास अरबी समुद्रावरील हवेचे उत्तर पदोपदी हवे असते. म्हणून तेथे संगणक एकाच दालनात, खास जलद तारांनी जोडून ठेवतात. नाही तर गणितापेक्षा निरोपांतच वेळ जावयाचा.

शिवाय कामाचा काही भाग वाटताच येत नाही. जीन अ‍ॅमडाल या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९६७ साली याकडे लक्ष वेधले. दहा तासांच्या कामात असा एक तास असेल, तर नऊ संगणक लावून दोन तास लागतील. नव्वद लावून एक तास सहा मिनिटे. यंत्रे दहापट, लाभ चोपन्न मिनिटांचा! हजारो लावली तरी एका तासाच्या आत ते काम होणे नाही.

आणि परक्या यंत्राचा भरवसा काय? कोणाचे यंत्र बिघडलेले, कोणी नुसत्या चढाओढीने खोटे उत्तर धाडणारा. म्हणून एकच तुकडा एकाहून अधिक ठिकाणी पाठवून उत्तरे ताडून पाहत. श्रम दुप्पट झाले खरे, पण त्यावाचून त्या उत्तरांस किंमत राहती ना.

३१ मार्च २०२० रोजी नवे तुकडे धाडणे थांबले. परग्रहवासीयांचा खात्रीचा संकेत काही मिळाला नाही. मात्र त्यातून निघालेली 'बॉइंक' ही आज्ञावली शास्त्राचे इतर उपक्रम वापरतात, व घरच्या संगणकावर ती कोणासही चालविता येते. वीजबिल अर्थात आपणासच भरावे लागते. मुलांनी हे वडिलांच्या कानी आधी घालावे हे बरे.