विजेची सायकल: सवलत कोणाला आणि किती

गंगावेशीतल्या दूधकट्ट्यापासून शिवाजी उद्यमनगरातील कारखान्यांपर्यंत ज्या शहराची रोजची ये-जा कित्येक वर्षे सायकलीवर झाली, त्या कोल्हापुरात विजेच्या सायकलीचे स्वागत आपुलकीने व्हावे हे स्वाभाविकच आहे. परंतु ‘लायसन्स नको, नंबरप्लेट नको, विमा नको’ असे जे सुटसुटीत वाक्य दुकानात ग्राहकाच्या कानी पडते, त्यातील प्रत्येक ‘नको’मागे एक अट उभी आहे, आणि ती न सांगता केलेली विक्री ही ग्राहकाशी केलेली प्रतारणा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांच्या व्याख्येनुसार, ज्याच्या मोटारीची तीस मिनिटांची शक्ती २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोपर्यंत आहे, ज्याला योग्य ब्रेक, पुढे पांढरा व मागे तांबडा परावर्तक आहे, आणि पायडलची सायकल असल्यास पाय थांबताच अथवा २५ चा वेग गाठताच जिच्या मोटारीचे साहाय्य बंद पडते, तेवढेच वाहन ‘मोटार वाहन’ या सदरातून वगळले जाते. आणि तेही पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने या गोष्टी पडताळल्यावरच. जुन्या सायकलीच्या मागच्या चाकात हब मोटार बसवून आणि दांडीला बॅटरी आवळून घरच्या घरी सिद्ध केलेल्या वाहनापाशी असा दाखला नसतो, म्हणून ते कितीही सावकाश धावले तरी ही मुभा त्याला आपसूक लाभत नाही.

याहून घातक समजूत वेगाच्या लॉकविषयीची. काही गाड्यांत कंट्रोलरमधून निघालेल्या एका बारीक वायरीची जोडणी सोडवली की मर्यादा उठते, आणि ‘लॉक काढून देतो’ असे म्हणणारा मेकॅनिक हे काम पाच मिनिटांत उरकतो. पण त्या क्षणापासून गाडी कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहन ठरते आणि नोंदणी, परवाना, हेल्मेट, विमा ही सारी बंधने एकदम लागू होतात. अशा बेकायदा फेरबदलांवर कारवाईचे आदेश राज्याच्या परिवहन आयुक्तांनी मे २०२२ मध्येच दिले होते. दंडाची गोष्ट क्षणभर बाजूला ठेवली तरी, वेग २५ वरून ४५ वर नेला की ब्रेकांना जिरवावी लागणारी ऊर्जा तिपटीहून अधिक होते, आणि ब्रेक मात्र पूर्वीच्याच वेगासाठी घडवलेले असतात. महाद्वार रोडच्या गर्दीत याची किंमत बहुधा पायी चालणारा मोजतो. अशी गाडी अल्पवयीन मुलाच्या हाती पडून गुन्हा घडला, तर मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९९ए नुसार पालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

ऑगस्ट २०२१ मध्ये विजेवरील वाहनांच्या नोंदणीचे शुल्क माफ झाले, त्यावरून नोंदणीच माफ झाल्याचा अर्थ काहींनी काढला. तो सर्वस्वी चुकीचा आहे.

विम्याचा विषय अधिक बारकाईने पाहिला पाहिजे. कलम १४६ ची सक्ती मोटार वाहनापुरती आहे खरी. तथापि सवलतीतल्या सायकलीने बिंदू चौकात एखाद्या वृद्धेस धक्का दिला, तर निष्काळजीपणाची भरपाई दिवाणी न्यायालयामार्फत चालकाच्याच खिशातून वसूल होऊ शकते, आणि बेदरकारपणाबद्दलचे भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ कोणत्याही वाहनाला लागू आहे. उलटपक्षी, मोटारीने सायकलस्वारास उडवले, तर तिच्या विम्यातून भरपाई मागण्याचा त्याचा हक्क शाबूत असतो. धडक देणारा पळून गेला आणि सापडला नाही, तरी १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेखाली मृत्यूबद्दल २ लाख व गंभीर दुखापतीबद्दल ५० हजार रुपये मिळतात, आणि त्याचा अर्ज प्रांत किंवा तहसीलदार दर्जाच्या चौकशी अधिकाऱ्याकडे करावयाचा असतो. स्वतःच पडून हात मोडला, तर मात्र वेगळा घेतलेला वैयक्तिक अपघात विमा वा आरोग्य विमाच कामी येतो.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी शहरातील वस्त्यांत शिरलेले ज्यांनी पाहिले, त्यांनी एक खबरदारी विशेष घ्यावी: पाण्यात बुडालेली लिथियम बॅटरी वरून कोरडी दिसली तरी तिच्या आत गंज चढून कित्येक दिवसांनीही शॉर्टसर्किट होऊ शकते, म्हणून ती चार्जिंगला न लावता घराबाहेर, जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवावी आणि विक्रेत्याच्या जाणकार माणसाकडून तपासून घ्यावी. सायकलीचा विमा उतरवताना पुराचे नुकसान आणि सुटी बॅटरी त्यात अंतर्भूत आहे काय, हे वाचून पाहावे, आणि खरेदीच्या पावतीसोबत चाचणीच्या दाखल्याची प्रतही विक्रेत्याकडून मागून घ्यावी.